घरी आणलेल्या रुग्णाची नोंद कशी ठेवावी : सीमाभागातील कुटुंबांसाठी मार्गदर्शक

पक्षाघात, हृदयविकार, मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया किंवा हाताबाहेर गेलेला मधुमेह यांतून सावरणाऱ्या माणसाला दवाखान्यातून घरी आणले, की पहिल्या दिवशी खाट कुठे टाकायची, पथ्याचे काय करायचे, रात्री जवळ कोण झोपणार, एवढेच सुचते. केस पेपर, रिपोर्ट आणि चिठ्ठ्यांची पिशवी कपाटावर जाते आणि पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्रीच खाली येते. ज्यांच्यावर घरच्या रुग्णाची जबाबदारी नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख त्या पिशवीविषयी आहे, आणि त्या पिशवीला आता जोड मिळालेल्या डिजिटल नोंदीविषयीही.

आमच्या घरी हे शिक्षण उशिरा झाले. माझे सासरे खानापूर तालुक्यात राहतात. त्यांचे हृदयाचे उपचार बेळगावात झाले. पुढे काही दिवस ते लेकीकडे कोल्हापूरला राहिले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढलेला पाहून गोळी लिहून दिली. बेळगावची फाईल घरीच राहिली होती आणि सासऱ्यांना सांगता आले ते इतकेच, की एक पांढरी गोळी चालू आहे. घरी परतल्यावर दोन्ही गोळ्या आठ दिवस सुरू राहिल्या. नवव्या दिवशी पहाटे न्हाणीकडे जाताना उंबऱ्यातच त्यांना भोवळ आली आणि ते कोसळले. हाड मोडले नाही, हे नशीब. मेडिकलवाल्याने दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरे दाखवली, तेव्हा कळले की कंपन्या दोन होत्या, नावे दोन होती, पण आतले औषध एकच होते, टेल्मिसार्टन. दोन्ही डॉक्टरांनी आपल्यापुढे होते तेवढ्यावरून बरोबरच निर्णय घेतला होता. चुकली होती ती मधली नोंद.

सीमाभागात हा धोका अधिक आहे, कारण आपले उपचार एका राज्यात राहत नाहीत. निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, अथणी-कागवाडकडचा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला. एका ठिकाणच्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत असतात, दुसऱ्या ठिकाणच्या मराठी आणि इंग्रजीत, आणि त्या सांभाळणारी व्यक्ती बहुधा घरातली सून किंवा मुलगी असते, जिला त्या सगळ्या वाचता येतातच असे नाही. म्हणून पुढचे काम घरातल्या कोणत्या तरी एकाच व्यक्तीने अंगावर घ्यावे. चौघांनी मिळून सांभाळलेली फाईल कुणीच सांभाळत नाही, असा अनुभव आहे.

दवाखाना सोडण्यापूर्वी

डिस्चार्ज समरी हातात पडली की लगेच बिल भरायला न धावता ती वॉर्डातच बसून वाचावी. निदान काय झाले, कोणती शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया झाली, कोणत्या औषधांची ॲलर्जी आढळली, घरी कोणती औषधे कोणत्या मात्रेत आणि किती दिवस घ्यायची, पुढची तपासणी केव्हा, आणि कोणती लक्षणे दिसल्यास वाट न पाहता परत यायचे, एवढ्या गोष्टी तिच्यात असल्याच पाहिजेत. यांतली शेवटची बाब पुष्कळदा मोघम लिहिलेली असते; ती सिस्टरना किंवा डॉक्टरांना तोंडी विचारून आपल्या अक्षरात मराठीत लिहून घ्यावी. सूचनांचा कागद कन्नडमध्ये असेल आणि घरी कन्नड वाचणारे कुणी नसेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांकडून तो ओळीने समजून घेण्यात संकोच करू नये. बेळगावच्या दवाखान्यांत दोन्ही भाषा बोलणारे कुणी ना कुणी भेटतेच.

एक्स-रे, सीटी स्कॅन, इको यांचे चित्रण सीडीवर किंवा लिंकवर मिळते का, तेही त्याच वेळी विचारावे. काही कागद राहून गेले, तर ते मागण्याचा हक्क आपल्याला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने त्या मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. अर्ज लेखी करावा, त्याची पोच घ्यावी आणि बोलणे नम्र ठेवावे.

औषधांचा एकच कागद

घरी आल्यावर पहिले काम हे, मोबाइलचे नंतर. एक पांढरा जाड कागद घेऊन त्यावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, पाकिटावरचे कंपनीचे नाव, मिलिग्रॅममधील मात्रा, वेळ, जेवणापूर्वी की नंतर, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी आणि कोणत्या तारखेला सुरू केले, असे रकाने पाडावेत. चिठ्ठीवरचे १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला माहीत असले तरी पाळी बदलून जवळ बसणाऱ्या नातेवाइकाला माहीत असेलच असे नाही. म्हणून ते शब्दांत लिहावे. बंद झालेले औषध खोडून नाहीसे करू नये. त्यावर एकच रेघ मारून पुढे बंद केल्याची तारीख आणि कारण लिहावे, कारण तीन महिन्यांनी दुसरे डॉक्टर तेच औषध पुन्हा द्यायला निघाले, की ‘याने पायाला सूज आली होती’ ही एक ओळ फार उपयोगी पडते.

मूळ नावाच्या रकान्यात एकच नाव दोनदा आले, तर दोन्ही गोळ्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारावे. आमच्याकडे हा कागद आधी असता, तर सासऱ्यांचे ते पडणे टळले असते. गावातल्या डॉक्टरांची औषधे, आयुर्वेदिक काढे आणि कुणी आणून दिलेल्या जडीबुटी याही त्याच कागदावर लिहाव्यात. रागावतील म्हणून डॉक्टरांपासून त्या लपवू नयेत.

आभा क्रमांक, आणि त्याआधी नाव

आता डिजिटल नोंदीकडे वळू. नागरिकाची आरोग्य-नोंद त्याच्याबरोबर देशभर फिरावी, या विचाराने २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर २०१९ मध्ये राष्ट्रीय डिजिटल आरोग्याचा आराखडा आला, १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक काम सुरू झाले, आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झाले. त्या मिशनमधला आपल्या कामाचा भाग म्हणजे आभा, अर्थात आयुष्मान भारत आरोग्य खाते. तो चौदा आकडी क्रमांक आहे, मोफत आहे आणि ऐच्छिक आहे. आपल्या दृष्टीने त्याचे मोल असे, की तो कर्नाटकाचा किंवा महाराष्ट्राचा नसून देशाचा आहे. बेळगावात जोडलेली नोंद कोल्हापूरच्या डॉक्टरांना, तिथला दवाखानाही या व्यवस्थेत असेल तर, पाहता येते.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच दूर करायला हवा. आभा कार्ड म्हणजे उपचारांचे पैसे देणारे आयुष्मान कार्ड नव्हे. आभा ही नोंदींची ओळख आहे. त्यावर एक रुपयाही मिळत नाही. या दोहोंत गल्लत करून ऐन दाखल करण्याच्या वेळी आभाचा कागद पुढे करणारी आणि मग खचून जाणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

आभा काढण्याआधी रुग्णाचे आधार कार्ड समोर ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, नाव. आपल्याकडच्या आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते, रेशन कार्डावर कन्नडमध्ये, जुन्या मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी लिहिलेले. लक्ष्मी हे नाव इंग्रजीत कुठे एक्स घालून, तर कुठे केएसएच घालून लिहिलेले असते. दवाखान्यातल्या जुन्या नोंदी आभाशी जोडताना यंत्रणा नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल क्रमांक ताडून पाहते. त्यामुळे केस पेपर काढताना काउंटरवर ‘आधारवर आहे तसेच लिहा’ असे सांगून कार्ड दाखवणे, हा पुढचे हेलपाटे वाचवणारा सर्वांत सोपा उपाय आहे. दुसरी, जन्मवर्ष. पुष्कळ ज्येष्ठांच्या आधारवर फक्त वर्ष असते आणि घरचे लोक अंदाजाने वय सांगतात. एकदा ७४ आणि एकदा ७८ सांगितले, की संगणकाच्या लेखी दोन माणसे तयार होतात.

तिसरी गोष्ट मोबाइलची, आणि खरी अडचण इथेच येते. म्हाताऱ्या आईच्या आधारला जोडलेला क्रमांक पुण्याला किंवा गोव्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो, नाहीतर बंद पडलेल्या सिमचा. ओटीपी तिकडे जातो, मुलगा कामावर असतो, आणि इकडे काउंटरवरची मुदत संपते. म्हणून रुग्णाच्या जवळ राहणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक आधार केंद्रात जाऊन आधी जोडून घ्यावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला केंद्रात नेणे शक्य नसेल, तर मुलाशी फोनवर वेळ ठरवून घरूनच आभाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ओटीपीने खाते उघडावे. दवाखान्यात बोटांच्या ठशांनीही आभा काढता येते. पण आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत, तेव्हा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय आहे का, ते विचारावे. एकाच मोबाइलवर घरातल्या एकाहून अधिक माणसांचे आभा ठेवता येते, त्यामुळे आजोबा आणि आजी या दोघांचे काम एकाच बैठकीत होऊ शकते.

नोंदी जोडणे आणि संमती देणे

आभा काढले म्हणजे जुने रिपोर्ट आपोआप त्यात येऊन पडत नाहीत. ॲपमध्ये दवाखान्याचे नाव शोधून, तिथली आपली नोंद ओळखून ती जोडावी लागते, किंवा नोंदणीच्या वेळीच आभा सांगून दवाखान्याकडून ती जोडून घ्यावी लागते. काही मोठ्या दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागात क्यूआर कोड लावलेला असतो. तो ॲपने स्कॅन केला, की नाव-पत्ता नोंदला जाऊन रांगेचे टोकन मिळते आणि स्पेलिंगचा घोळही टळतो. लहान दवाखाने आणि गावातल्या लॅब या व्यवस्थेत नसतील, तर त्यांच्या कागदांचे स्वच्छ उजेडात, सरळ धरून फोटो काढावेत, आणि वैयक्तिक आरोग्य-नोंदीच्या ज्या ॲपमध्ये सोय आहे त्यात तारखेसह चढवावेत.

मूळ नोंद दवाखान्याकडेच राहते. सर्वांची कागदपत्रे एका सरकारी कोठारात जमा होतात, ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या दवाखान्याला नोंद पाहायची असेल, तेव्हा आपल्या ॲपवर विनंती येते. त्या विनंतीत कोण मागत आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि किती दिवसांसाठी, हे लिहिलेले असते. घाईत ‘मान्य’ दाबण्याची सवय लावून घेऊ नये. गुडघ्याच्या दुखण्यासाठी गेलेल्या बाईंच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या मानसोपचारांच्या नोंदी तिथे पोहोचण्याचे कारण नसते. नोंदींचा प्रकार आणि काळ कमी करून संमती देता येते, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. डिसेंबर २०२० च्या आरोग्य-माहिती व्यवस्थापन धोरणाने हा संमतीचा पाया घातला आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या माहितीवरचा तिचा हक्क मान्य केला. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल, तर त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने बटण दाबू नये. फोन आपल्या हातात आहे, पण आजार त्याचा आहे.

घरी घेतलेली मोजमापे

डॉक्टरांना महिन्यातून एकदा दिसणारा आकडा आणि घरी रोज दिसणारा आकडा यांत घरचा आकडा पुष्कळदा अधिक खरे सांगतो, पण तो नीट घेतलेला असेल तरच. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, आणि आपल्याकडे आवर्जून सांगावे लागते ते म्हणजे मिश्रीही नको, कारण मिश्रीत तंबाखूच असतो. सकाळी उठल्यावर मिश्री लावून लगेच घेतलेला रक्तदाब वाढलेला दिसतो आणि मग औषधही विनाकारण वाढते. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत.

शुगरचेही तसेच. ऊस आणि गुऱ्हाळाच्या आपल्या भागात गुळाचा खडा मोडलेल्या हाताने केलेली चाचणी शंभराचा आकडा सहज कितीतरी वर नेऊन ठेवते. बोट साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून, टोकाच्या बाजूला टोचावे. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि डबी लगेच बंद करावी. आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतर दोन तासांचा, हे लिहिले नाही तर त्याला अर्थ नसतो. शुगर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा थंड बोटांवर किंवा नेलपॉलिश लावलेल्या नखावर चुकतो.

हे सारे आधी वहीत लिहावे. कणकुंबी, जांबोटीकडच्या गावांत पावसाळ्यात वीज आणि रेंज या दोन्हींचा भरवसा नसतो. वहीला दोन्हींची गरज नाही. आठवड्यातून एकदा पानाचा फोटो काढून ठेवला, की डिजिटल नोंदही तयार होते. ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, त्यांनी वीज गेल्यावर पुरेल असा भरलेला सिलिंडर आणि त्याचा पाना जागेवर आहे का, हे मे महिन्यातच पाहून घ्यावे.

आशा ताई किंवा आरोग्य केंद्राच्या सिस्टर घरी येतील, तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि आभा क्रमांक दाखवावा. कर्नाटकाची गृह आरोग्य योजना २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातून सुरू झाली. रक्तदाब आणि मधुमेहासारख्या आजारांची तपासणी घरोघरी जाऊन करणे हा तिचा गाभा आहे, आणि आपल्या रुग्णाची माहिती तिथे बरोबर नोंदली जाणे आपल्याच हिताचे आहे.

फोनवरून सल्ला

प्रत्येक वेळी गाडी करून रुग्णाला नेण्याची गरज नसते. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णाला दूरसल्ला देऊ शकतात. म्हणजे मिरजेचे डॉक्टर अथणीच्या रुग्णाला व्हिडिओवरून पाहू शकतात, राज्याची सीमा त्याला आड येत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असला पाहिजे. गुंगीची आणि सवय लावणारी, कायद्याने नियंत्रित केलेली औषधे अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत, त्यामुळे ती मिळाली नाहीत म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नये. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली घरची व्यक्ती त्याच्या वतीने बोलू शकते. सरकारी ई-संजीवनी सेवा मोफत आहे. तिच्यावर बसताना औषधांचा कागद, वही आणि शेवटचा रिपोर्ट हाताशी ठेवावा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे अशा वेळी व्हिडिओ जुळवत बसू नये.

पैशांच्या योजना

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि इतरांना पॅकेज दराच्या, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने ठरवलेल्या रकमेच्या, ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. हे रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या परिचारिकेचा पगार किंवा भाड्याची खाट त्यात बसत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिकांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. मात्र केवळ त्या बातमीच्या भरवशावर कोल्हापूर किंवा मिरजेत दाखल होऊ नये, आधी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, कागद दाखवून मंजुरीची खात्री करावी.

घरी येणारी परिचारिका आणि आपली माहिती

एजन्सीकडून कुणाला ठेवत असाल, तर ती व्यक्ती प्रशिक्षित परिचारिका आहे की केवळ सोबतीची मावशी, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारावे आणि परिचारिका असल्यास नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहावी. इन्शुलिनची मात्रा बदलणे, कॅथेटर बदलणे, जखमेचे ड्रेसिंग ही कामे सोबतीच्या बाईंवर टाकणे त्यांच्यावरही अन्याय आहे. कूस दर दोन तासांनी बदलणे, पाठ-टाचांची त्वचा पाहणे आणि त्याची वेळ वहीत लिहिणे मात्र त्या उत्तम करू शकतात. एजन्सीच्या ॲपवर रुग्णाचे फोटो किंवा रिपोर्ट टाकले जात असतील, तर ते कोण पाहते आणि काम संपल्यावर काय होते, याचे उत्तर लेखी मागावे. रिपोर्ट नातेवाइकांच्या पन्नास जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे टाळावे. सल्ला देणाऱ्या दोघांना तो वेगळा पाठवता येतो. आधारचा फोटो तर कुणालाच पाठवू नये.

दाराजवळचा कागद

शेवटचे काम अर्ध्या तासाचे आहे. औषधांच्या कागदाची एक प्रत, आभा क्रमांक, रक्तगट, ॲलर्जी, मुख्य आजार, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नावे आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन क्रमांक एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते दाराजवळच्या खिळ्याला टांगावे. वर मोठ्या अक्षरांत १०८ लिहावे आणि त्याखाली रुग्णवाहिकेला घर सापडेल अशी खूण, मराठीत आणि कन्नडमध्ये: कोणत्या देवळापासून कोणत्या बाजूला, कितवे घर. रात्री दोन वाजता फोनवर रस्ता सांगणारी व्यक्ती घाबरलेली असते आणि चालक बहुधा कन्नड बोलणारा असतो. आमच्या दारातल्या पाकिटावरच्या कन्नड ओळी शेजारच्या शाळकरी मुलीने लिहून दिल्या. औषध बदलले की आतला कागद मी बदलते, त्या ओळी तशाच राहतात.